शंभरची गोळी

आषाढी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आमच्या तालुक्याच्या गावात सोमवारी बाजार भरतो आणि त्या दिवशी माझ्या दवाखान्यात बसायला जागा उरत नाही. त्या गर्दीतून एक मावशी आत आल्या आणि खुर्चीत बसताच म्हणाल्या, "वारी छान झाली, डॉक्टर, पण घरी आल्यापासून छातीत नुसतं धडधडतंय, आणि झोप म्हणाल तर नावाला नाही." वजन चार किलोंनी उतरले होते. चालून चालून उतरले असेल, असे घरच्यांचे म्हणणे होते आणि क्षणभर मलाही ते पटले.

नाडीवर बोटे ठेवली तेव्हा मात्र ती मिनिटाला 120 च्या पुढे होती आणि तिच्या ठोक्यांत कसलाही मेळ नव्हता. मी त्यांना दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितले आणि बोटांवर केसपेपरचा कागद ठेवला, तर त्याची कडा सारखी थरथरत होती. ईसीजीच्या पट्टीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल फडफड, स्पष्ट दिसत होते. संध्याकाळी आलेल्या रिपोर्टमध्ये टीएसएच 0.03, म्हणजे फारच खाली होता. टीएसएच हा थायरॉइडला कामाला लावणारा, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा संप्रेरक; अंगात थायरॉइडचे थायरॉक्सिन कमी पडले की तो चढतो, जास्त झाले की उतरतो. ज्या बाईंचा टीएसएच खाली यावा म्हणून मी दीड-दोन वर्षे गोळी वाढवत होतो, त्याच बाईंच्या अंगात आता थायरॉक्सिन जास्त झाले होते.

मी त्यांचे जुने कागद काढले. वय 61, वजन वारीपूर्वी 58 किलो. थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ निकामी झालेल्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन (गोळीतले थायरॉक्सिन) लागते, म्हणजे मावशींना 90 ते 100 च्या आसपास. शंभरच्या गोळीवर त्या आठ वर्षे व्यवस्थित होत्याही. मग टीएसएच 11 वर गेला, मी 125 केली. पुढच्या खेपेला तो 9 आला, मी 150 केली. यातले दोन्ही बदल मी मोबाइलवर केले होते. मुलगा रिपोर्टचा फोटो पाठवायचा आणि मी आकडा पाहून नवा डोस लिहून पाठवायचो. 58 किलोच्या बाईला 150 कशी पुरत नाही, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, आणि तो मला पडला नाही, हे मी लपवत नाही.

"गोळी कशी घेता, ते मला नीट सांगा," असे मी त्या दिवशी प्रथमच विचारले. मावशींनी सुनेला घरून डबी आणायला पाठवले. ती सात वारांचे सात कप्पे असलेली प्लॅस्टिकची डबी होती, मुलाने पुण्याहून आणलेली. दर कप्प्यात थायरॉइडची गोळी, शेजारी खडूसारखी मोठी कॅल्शियमची आणि लाल रंगाची रक्तवाढीची. दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून मनगट मोडले, तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनी या दोन गोळ्या सुरू केल्या होत्या आणि मावशी तिन्ही एकदम, सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर घेत होत्या. कॅल्शियम आणि लोह पोटातच थायरॉक्सिनला धरून ठेवतात, त्यामुळे त्याचा मोठा भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. म्हणून या गोळ्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवायचे असते. म्हणजे डोस कमी पडतच नव्हता. गोळीच अंगी लागत नव्हती.

वारीला निघताना पिशवीत ओझे नको म्हणून मावशींनी डबी घरीच ठेवली आणि फक्त थायरॉइडची बाटली घेतली. पहाटे उठून, अनुशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी. चहा पुढे तासाभराने, दिंडी हलल्यावर. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम! त्यामुळे 150 ची 150 गोळी त्यांच्या अंगी लागू लागली. हे औषध रक्तातून निम्मे उतरायला सुमारे सात दिवस लागत असल्यामुळे त्याचा साठा हळूहळू चढत जातो, आणि तीन-साडेतीन आठवड्यांच्या त्या वाटचालीत तो पुरेसा चढला.

जिल्ह्याच्या गावी हृदयरोगतज्ज्ञांनी नाडी आवरणारे औषध आणि काही काळ रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली. थायरॉइडची गोळी मी दहा दिवस थांबवली आणि मग शंभरवर सुरू केली, कॅल्शियम व लोह रात्रीच्या जेवणानंतर नेले. महिनाभराने नाडी नियमित झाली. त्या वेळी मुलाने आपणहून करून आणलेला टीएसएच अजून 0.1 च होता, पण मी डोसला हात लावला नाही. बराच काळ दबलेली पिट्युटरी जागी व्हायला वेळ घेते, आणि डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आतल्या आकड्यामागे धावायचे नसते. पुढे तो 2.4 वर येऊन थांबला.

मुलगा ते कागद पाहत होता. 100, 125, 150 आणि पुन्हा 100, असे आकडे एकाखाली एक होते. "म्हणजे डॉक्टर, मधल्या दोन वाढी नकोच होत्या?" त्याने विचारले. नको होत्या, असे मी त्याला सांगितले. मावशी तोवर बाटली हातात धरून, पुढच्या वर्षी कॅल्शियमची गोळी वारीत न्यायची की नाही, ते विचारत होत्या.