43 फुटांचं गणित

शाब्दिक उदाहरण दिलं की दहावीची पोरं वाक्य वाचत नाहीत, आकडे वेचतात. दोन आकडे सापडले की लगेच 'समजा एक्स मानू'. गाईडांची कृपा, दुसरं काय!

म्हणून मी वर्गात जॉर्ज पोल्या या गणितज्ञाच्या चार पायऱ्या चालवतो: उदाहरण समजून घ्या, बेत आखा, पार पाडा, मग मागं वळून तपासा. पहिल्या पायरीला फळ्यावर आकडेच लिहीत नाही. पेनं बाकावर. काय दिलंय, काय काढायचंय हे शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायचं, आकृती काढायची, उत्तर साधारण केवढं येईल याचा अंदाज बांधायचा. त्यानंतर आकडे मिळतात. निम्मा तास यातच जातो आणि स्टाफरूममध्ये 'पोर्शन कुठवर आला?' हे ऐकावं लागतं. चौथी पायरी बहुतेक वेळा घंटा खाते.

पावसाळ्यातल्या घटक चाचणीत मी 3 मार्कांना उदाहरण घातलं. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर सकाळी 8 वाजता पाणी 36 फूट, तासाला 2 इंच चढतंय. 43 फुटांची धोका पातळी कधी गाठेल? उत्तराचा पडताळा लिहा. सोपं आहे: 7 फूट म्हणजे 84 इंच, 42 तास, म्हणजे दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र उलटून, तिसऱ्या दिवशी पहाटे 2 वाजता. पडताळा म्हणून बहुतेकांनी 42 ला 2 नं गुणून 84 आणलं.

नदीकाठच्या चिखली गावातल्या एका पोरानं समीकरण मांडलंच नव्हतं. नदीचा आडवा छेद काढलेला, खाली अरुंद, वर दोन्हीकडं ऊस. शेजारी लिहिलेलं: '42 तास येतात, पण खरं जास्त लागतील. पाणी वर येईल तसं शिवारात पसरतंय, मग इंचाला वेळ लागतो. राधानगरीचे दरवाजे उघडले तर मात्र सांगता येत नाही.' राधानगरीला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपसूक उघडतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात गाव सोडावं लागलेल्या घरात हे पोरांनाही ठाऊक असतं.

म्हणजे चढण्याचा वेग स्थिर नाही, हे वर्गात या एकट्याला दिसलं. एरवी याला काठावर पास करतानाही आमची दमछाक होते.

सहकाऱ्यांचं मत पडलं, एक मार्क द्या, बोर्डात असलं चालत नाही. बोर्डाचं त्यांचं खरं आहे. तिथं पायरीला मार्क असतात आणि समीकरण ही पायरी आहे. मी 2 दिले.

पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला. "सर, एक मार्क कशाचा गेला?"

"समीकरण कुठाय?"

"ते पाण्याला लागू पडत न्हाई की ओ सर. लिहिलंय न्हवं तसं."

मार्क वाढवला नाही. मार्चमध्ये त्याचा पेपर कुठल्या गावी तपासायला जाईल, कुणास ठाऊक. पण पुढच्या तासाला त्याची आकृती फळ्यावर काढून घेतली आणि 35 मिनिटं चौथ्या पायरीलाच दिली. पोर्शन अजून मागंच आहे.