डिग्री २८ लागली म्हणजे नक्की काय कळलं?

दूध संकलन केंद्रावर पहिला प्रश्न ठरलेला: डिग्री किती लागली? डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवरचा, दुधात तरंगणाऱ्या घनता मोजायच्या नळीवरचा, आकडा. २८ म्हणजे घनता १.०२८, बस. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, त्यातून हिशेबाने काढावा लागतो, आणि घोळ तिथेच होतो.

धार काढल्या काढल्या डिग्री घेऊ नका. दुधात हवा अडकलेली असते, डिग्री कमी लागते. अर्धा-एक तास जाऊ द्या. थंड ठेवलेलं दूध असेल तर ४० अंशांपर्यंत कोमट करून पुन्हा २७ वर आणा, म्हणजे फॅट वितळून सारखं मिसळतं. फेस न आणता ढवळा, जारच्या कडेने काठोकाठ ओता. लॅक्टोमीटर हलकेच सोडा. वरून टाकला की दांडी उगाच वरपर्यंत भिजते, तिला चिकटलेल्या दुधाच्या वजनाने तो खाली बसतो आणि आकडा घटतो. जारला टेकलेला असतानाही वाचू नका. दांडीभोवती दूध किंचित वर चढलेलं दिसतं. त्या वरच्या कडेचा आकडा घ्यायचा.

आयएसआयचा (भारतीय मानकाचा) लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सिअसचा असतो. त्याहून प्रत्येक जादा अंशामागे लागलेल्या डिग्रीत साधारण ०.२ मिळवा, कमी असेल तर वजा करा. ३२ अंशांना २७ लागले, तर सीएलआर, म्हणजे तापमानानुसार दुरुस्त केलेली डिग्री, २८. उन्हाळ्यात थर्मामीटर न लावणारं केंद्र शेतकऱ्याची एक डिग्री सहज खातं.

आता एसएनएफचं सूत्र. सीएलआरचा चौथा भाग + ०.२५ × फॅट + ०.४४ हे एक; सीएलआरचा चौथा भाग + ०.२१ × फॅट + ०.३६ हे दुसरं. सीएलआर २८, फॅट ४ धरा. पहिल्याने ८.४४, दुसऱ्याने ८.२०. दूध तेच! दर ३.५/८.५ ला (फॅट ३.५, एसएनएफ ८.५ टक्के) बांधलेला असताना हा फरक थेट खिशाला लागतो, म्हणून मशीनमध्ये कोणतं सूत्र भरलंय ते विचाराच.

नुसत्या डिग्रीवर भेसळही पकडता येत नाही. फॅट पाण्याहून हलकं, त्यामुळे साय काढली की डिग्री चढते. मग पाणी घातलं की पुन्हा जागेवर येते. साखर घातली तरी चढतेच. फॅटशिवाय डिग्रीला अर्थ नाही.

वाद मिटवायचा तर दूध वाळवूनच बघावं लागतं. सपाट बुडाची, वाळवून तोललेली झाकणाची डिश घ्या, त्यात ५ ग्रॅम दूध. आधी अर्धा तास उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवा. थेट ओव्हनमध्ये घातलं तर उडतं. मग सुमारे १०० अंशांना ३ तास. झाकण लावून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, कारण ही वाळलेली पापडी हवेतली ओल लगेच ओढते. तोला, परत तासभर ठेवा, परत तोला. फरक १ मिलिग्रॅमच्या आत येईपर्यंत. पापडी तपकिरी पडली तर ओव्हन जास्त तापलाय, तो नमुना टाकून द्या. ०.६३० ग्रॅम उरले तर एकूण घन १२.६ टक्के, गर्बरने (फॅट मोजायच्या नेहमीच्या पद्धतीने) काढलेलं फॅट ४.० वजा केलं की एसएनएफ ८.६. मिल्क अ‍ॅनालायझरचा आकडा याच आकड्याशी जुळवायचा असतो, शेजारच्या केंद्रातल्या मशीनशी नव्हे.