लवकर पोचण्याचा दंड

गाडी चुकण्याची भीती आमच्या घरात वंशपरंपरेनं आलेली आहे. सातची गाडी असेल तर बाबा सहाला स्टेशनवर असतात. सहाला पोचायचं म्हणून पाचला निघायचं, पाचला निघायचं म्हणून साडेतीनला उठायचं, आणि साडेतीनला उठायचंच आहे तर मग झोपायचं कशाला, इथपर्यंत हे गणित जातं. लग्नाला आम्ही खुर्च्या मांडायच्या आधी पोचतो. एकदा तर मांडायला मदतही केली आहे.

अशा माणसाला मी जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेलं, ही माझी चूक.

गाडी बाबांचीच. १९७१ची फियाट, इलेव्हन हंड्रेड डिलाइट. नव्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी व्हिंटेज धरतात, म्हणून ती आता कागदोपत्रीही म्हातारी झाली आहे. बाबा तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, पण त्यांना अजून कुठल्या नियमात बसवलेलं नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे अखंड सोफ्यासारखी सीट आणि दारात ती त्रिकोणी काच, जी उलटी वळवली की वारा थेट तोंडावर येतो. बोनेट उघडलं की बाबा बघणाऱ्याला आधी इंजिन दाखवत नाहीत, आधी सोलापूर सांगतात. म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद, त्यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, मग इटलीची फियाट. तोवर बघणारा घड्याळ बघायला लागलेला असतो.

तीन दिवसांची रॅली, साधारण पाचशे किलोमीटर. पुण्याहून भोर, मांढरदेवीचा घाट, वाई, पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशी आंबेनळीनं पोलादपूरला उतरून खेड, दापोली. तिसऱ्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली, कोयनानगर, पाटण करत परत. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. तेवीस गाड्या होत्या. त्यात एक 'डुक्कर फियाट' होती, तिच्यापुढे आमची अगदी कालची पोर वाटायची. आई मागच्या सीटवर पिशवीसकट. मी पुढे, मांडीवर मार्गाची वही. हुद्दा नॅव्हिगेटर.

रॅली म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांपुढे शर्यत होती. माझ्याही. आदल्या संध्याकाळी संयोजकांनी सगळ्यांना बसवून नियम सांगितले तेव्हा कळलं, की इथे पहिला येणारा जिंकत नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा. वाटेत कुठेतरी घड्याळवाले बसलेले असतात, कुठे ते सांगत नाहीत. त्यांच्यापुढून बरोबर ठरल्या क्षणी जायचं. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण वजा. लवकर पोचलात तर मिनिटाला दोन.

"लवकर पोचलं तर?" बाबांनी दोनदा विचारलं.

"दोन, काका."

"आणि उशिरा आलं तर एकच?"

संयोजकांनी समजावलं, की हा सार्वजनिक रस्ता आहे, लवकर पोचलात म्हणजे कुठेतरी गाडी दामटलीत. बाबांनी मान हलवली, पण चेहरा असा होता की आयुष्यभर ज्या बँकेत पैसे ठेवले ती बुडाल्याचं कोणीतरी आत्ताच येऊन सांगितलं आहे.

या प्रकाराचा थोरला भाऊ इटलीत आहे. मिल्ले मिलिया, म्हणजे हजार मैल. ब्रेशा गावातून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत ब्रेशाला यायचं. १९२७ पासून ३० वर्षं ही खरीखुरी शर्यत होती, गावातल्या उघड्या रस्त्यांवरून. गाडीवर जो क्रमांक रंगवायचे ती तिची सुटायची वेळ असायची. १९५५ साली इंग्रज शर्यतवीर स्टर्लिंग मॉसची मर्सिडीज सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली, म्हणून तिचा क्रमांक ७२२. (या हिशेबानं आपल्या डेक्कन क्वीनचा ७१५ झाला असता.) मॉसच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार होता. त्यानं सगळ्या रस्त्याची टिपणं पाच-साडेपाच मीटर लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर लिहिली होती. गुंडाळी एका डबीत बसवली होती, ती फिरवत जायची, आणि इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून हातानं खुणा करायच्या. दहा तास सात मिनिटांत ते दोघं परत ब्रेशाला आले, सरासरी ताशी १५७ किलोमीटर. दोन वर्षांनी गुइदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचं टायर फुटलं. गाडीतले दोघं आणि बघायला उभी असलेली नऊ माणसं गेली, त्यांत पाच मुलं होती. शर्यत बंद झाली. १९७७ साली तीच वाट पुन्हा सुरू झाली ती वेग काढून टाकून. आता तिथेही लाखमोलाच्या गाड्या घेऊन माणसं वेळेवर पोचण्यासाठी झटतात, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

माझी गुंडाळी म्हणजे छापील वही. तिच्यात दर वळणाचं छोटंसं चित्र: खाली टिंब, म्हणजे आपण, आणि बाण जाईल तिकडे आपण जायचं. या चित्रांना ट्युलिप म्हणतात. नेदरलँड्समधल्या ट्युलिप रॅलीवरून हे नाव पडलंय. मला पहिल्या दिवशी एकही फूल दिसलं नाही, सगळे आराखडे सांडपाण्याच्या पाइपांसारखे वाटले. भोरच्या पुढे मी एक बाण उलटा धरला आणि आम्ही एका पोल्ट्रीच्या अंगणात गेलो. तिथून परत फिरताना बाबांना उशिराच्या धसक्यानं असं काही पछाडलं, की मांढरदेवीचा घाट त्यांनी तरुणपणच्या वेगानं चढवला. वाईच्या अलीकडे घड्याळवाले दिसले तेव्हा आम्ही सात मिनिटं लवकर होतो. चौदा गुण. बाबांनी खाली उतरून त्या पोराला विचारलं, "अरे, आम्ही थांबतो ना सात मिनिटं, मग लिही." पोरगा हसला. त्यानं लिहून टाकलं होतं.

रात्री महाबळेश्वरला थंडीत बसून मी गणित केलं. छत्तीसचा वेग सगळ्यात सोयीचा: सेकंदाला दहा मीटर, म्हणजे किलोमीटरला बरोबर शंभर सेकंद. तीसला किलोमीटरला दोन मिनिटं. शिवाय आमच्या गाडीचं मीटर दहा किलोमीटरला दहा पूर्णांक चार दाखवायचं, ते वजा करायचं. आईनं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला, त्यावर मी मोठ्या आकड्यांत तक्ता काढला. आई म्हणाली, "एवढं कशाला? दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करतेस ना, तसंच आहे." बाबा म्हणाले, "दुधाला मीटर नसतं." मग दोघंही झोपले.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी. डावीकडे प्रतापगड मागे पडला आणि घाट खाली कोकणात कोसळायला लागला. चारही चाकांना ड्रमब्रेक. फार दाबले तर तापतात आणि मग लागत नाहीत. "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर," हा एस.टी.च्या ड्रायव्हरकडून मिळालेला मंत्र बाबा दर वळणावर म्हणत होते, स्वतःलाच. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत होतं. वेग आपोआप तीसच्या आसपास राहिला. पहिल्यांदाच माझा तक्ता आणि घड्याळ जुळत होते. खाली पोलादपूरकडे हवा जड झाली, राब भाजल्याचा वास यायला लागला. पांगारे लाल झाले होते. पळसाला पान नव्हतं, नुसता जाळ.

खेडच्या पुढे, दापोलीच्या रस्त्याला, तक्त्याप्रमाणे आम्ही सहा मिनिटं लवकर होतो. सवयच. पण आता बाबा शिकले होते. घड्याळवाल्यांच्या नजरेच्या टप्प्यात थांबलं तर त्याचाही दंड असतो, म्हणून त्यांनी अंदाज करून एका वळणाच्या अलीकडे आंब्याखाली गाडी लावली. मोहोराचे कण बोनेटवर पडत होते. आईनं पिशवीतून पोळीचे रोल काढले.

"सहा मिनिटं नुसतं बसायचं?" बाबा म्हणाले. त्यांना आयुष्यात लवकर पोचून वाट बघायची सवय होती. पोचायच्या आधी थांबायची नव्हती.

समोरून एक रिक्षा आली, पुढे गेली, करकचून थांबली आणि मागे आली. साठीचा माणूस उतरला. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं पुढच्या चाकाजवळ पाय टेकला आणि बाबांना विचारलं, "काका, इंजिनातल्या पंपावर ओला फडका ठेवताय ना उन्हात?"

तो मुंबईत तेवीस वर्षं टॅक्सी चालवत होता. पद्मिनी, म्हणजे आमच्याच गाडीची धाकटी बहीण. त्यानं सांगितलं की त्याची गाडी कधीच भंगारात गेली. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून बंद झाली, तेव्हा तो इथेच होता, गावी. पुतण्यानं फोनवर फोटो पाठवला. "काळी-पिवळी," एवढंच म्हणाला आणि आमच्या गाडीच्या छपरावर हात ठेवून उभा राहिला. आमची गाडी फिकट निळी आहे.

मग बाबांनी जे केलं ते मी पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही. बाबा आपल्या गाडीची किल्ली जावयाला देत नाहीत. या माणसाला म्हणाले, "बसा."

तो बसला. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गिअरचा दांडा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, कुठेही आवाज न होता. बाबांचा दुसरा गिअर नेहमी थोडा खरखरतो, त्याचा नाही खरखरला. "क्लच दाबून जरा दम घ्यायचा, काका. तिला घाई आवडत नाही." त्यानं बोनेट उघडायला लावलं. डेल्कोचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढून आतले पॉइंट बघितले, खिशातल्या माचिसच्या काडेपेटीची खरखरीत बाजू त्यावरून अलगद फिरवली. हे सगळं बाबा पाठीवर हात बांधून, शाळेत उभं राहावं तसे बघत होते. आईनं त्याला रोल दिला. त्यानं आधी हात रिक्षातल्या फडक्याला पुसले.

मी घड्याळाकडे बघितलं आणि ओरडले.

आम्ही घड्याळवाल्यांपुढून गेलो तेव्हा अकरा मिनिटं उशीर झाला होता. बाबांच्या हयातीतला सर्वांत मोठा उशीर. कालचाच पोरगा तिथे बसला होता. "काका, काय झालं? पंक्चर?"

"नाही," बाबा म्हणाले. "बोलत बसलो."

त्यांनी दुसरा गिअर टाकला. आवाज आला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कुंभार्लीच्या चढाला इंजिन गुदमरलं, पेट्रोलची वाफ झाली होती. आईच्या ओल्या पंच्याची घडी पंपावर ठेवली, दहा मिनिटांत सुरू झाली. पुढे कोयनेचं पाणी, पाटण, आणि हमरस्त्याला लागल्यावर ट्रकवाल्यांचे भोंगे. तेविसांत आमचा नंबर सतरावा. डुक्कर फियाट तिसरी आली. तिचा मालक दर थांब्यावर झोपायचा, हे त्याचं गुपित.

रॅलीनंतर दीड आठवड्यानं बाबांना मुंबईला डोळे दाखवायला न्यायचं होतं. डेक्कन क्वीन, सकाळी सव्वासात. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन.

"निघालीस का?"

"बाबा, लवकर पोचलं तर मिनिटाला दोन गुण जातात."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग कुठूनतरी लांबून आवाज, आईनं थर्मासचं झाकण लावल्याचा.

"स्टेशनवर जात नाहीत," बाबा म्हणाले. "आम्ही खाली उभे आहोत."