स्वतःच्या डोक्याचं देवघर

मागच्या वर्षी एका म्युझियममध्ये काचेमागे एक वस्तू दिसली, लांबून वाटलं कुणातरी राजाचा मुकुट असेल, जवळ गेले तर सगळ्या कवड्या! खाली चामडं, त्यावर ओळीने शिवलेल्या कवड्या, बोट ठेवायला जागा नाही. पाटीवर नाव होतं इले ओरी, म्हणजे डोक्याचं घर. मी तिथेच खिळले, कारण माझ्या आजीच्या गळ्यात तुळजाभवानीची कवड्यांची माळ असायची आणि ही तीच कवडी, तसाच पिवळट पांढरा रंग, तशीच दातेरी फट.

मग घरी येऊन वाचत बसले. ही नायजेरियातल्या योरूबा लोकांची वस्तू. ते म्हणतात दिसतं ते डोकं वेगळं आणि आतलं वेगळं, आतलं म्हणजे ओरी इनू, नशीबच म्हणा ना. आपल्याकडे सटवाई कपाळावर लिहून जाते, पण तिकडे जन्माआधी माणूस स्वतः अजाला नावाच्या कुंभाराकडे जाऊन आपलं डोकं निवडतो, आणि अजालाची काही डोकी भट्टीत नीट भाजलेलीच नसतात, बाहेरून मात्र सगळी सारखीच दिसतात! पुढे आयुष्यभर याच ओरीला जपायचं, कारण देव कितीही मोठा असला तरी तुमच्या ओरीने होकार दिल्याशिवाय त्याला तुम्हाला काही देता येत नाही. हे वाचून मला खरंच भरून आलं.

या ओरीची खूण म्हणजे इबोरी, एक छोटासा शंकू, आत इफाच्या, म्हणजे त्यांच्या शकुन पाहण्याच्या पद्धतीच्या, पाटावरची पवित्र पूड वगैरे भरून शिवून टाकलेला. तो राहतो इले ओरीत. आणि वरच्या कवड्या नुसती सजावट नाही हां, तो रोख पैसा होता. 40 कवड्यांची एक माळ, अशा 50 माळा म्हणजे 2000, याला युरोपियन व्यापारी ‘हेड’ म्हणायचे, म्हणजे परत डोकंच! म्हणजे जितकं घर मोठं तितकी माणसाची ऐपत आणि तितकाच त्याच्या ओरीचा मान. पांढरा रंग शांत, थंड डोक्याचा, म्हणून तोही हवाच.

यातल्या बऱ्याच कवड्या मूळच्या मालदीवच्या, आपल्या हिंदी महासागरातून जहाजं भरून तिकडे गेलेल्या, आणि त्याच कवड्या मोजून तिथे माणसं विकत घेतली गेली, गुलाम म्हणून. हे कळल्यावर ती शिवण मला वेगळीच दिसायला लागली.

मालक गेला की ते घर उसवायचे. आजीची माळ मात्र आईकडे अजून देव्हाऱ्याशेजारी खुंटीला आहे. परवा आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं पण डोक्याला नैवेद्य काय दाखवतात?" म्हटलं कोला नावाच्या फळाचं बी असतं, त्याला ते ओबी म्हणतात, ते आधी कपाळाला लावतात आणि मग फोडतात.