आमची वाटचाल : समासापासून मुखपृष्ठापर्यंत

ग्रंथमांडणी आम्ही कोणत्याही कलाशाळेत शिकलो नाही, हे व्यवसायातील काही मंडळींनी आम्हांला पुष्कळदा ऐकवले आहे. आमचे शिक्षण झाले ते खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवणाऱ्या एका वृद्ध कंपोझिटरच्या हाताखाली. अक्षरांच्या सौंदर्याविषयी ते क्वचितच बोलत. दोन ओळींमध्ये किती जाडीची शिशाची पट्टी घालावी, याविषयी मात्र त्यांचे बोलणे संपत नसे. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर चढतात, उकार खाली उतरतात, त्यामुळे रोमन लिपीला पुरणारे अंतर आपल्या मजकुराला पुरत नाही, हे त्यांनी जुळवलेली ओळ सोडवून पुन्हा जुळवायला लावून आमच्या बोटांना शिकवले. त्यांची स्टिक (खिळे ओळीत जुळवण्याची हातातली पट्टी) आणि चिमटा आता शोभेपुरते उरले असले, तरी पॉइंट या छपाईतील मापाची पट्टी आम्ही आजही वापरतो, कारण पडद्यावरचे पान कितीही मोठे करून पाहिले तरी छापील पानाचा अंदाज येत नाही.

दुसरा संस्कार जर्मनीत जन्मलेले ग्रंथमांडणीकार यान चिखोल्ड यांचा. 1947 ते 1949 या काळात पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनाची पुस्तके शिस्तीत आणणाऱ्या या माणसाने मध्ययुगीन हस्तलिखितांच्या पानांची मापे अभ्यासली आणि 2:3 प्रमाणाच्या पानाला आतला, वरचा, बाहेरचा व खालचा समास 2:3:4:6 या प्रमाणात ठेवण्याची रीत मांडली. इतका कागद कोरा सोडायला प्रकाशक तयार होत नाहीत, हा भाग वेगळा.

पुढे एका बहुखंडी ग्रंथमालेने आम्हांला जवळजवळ बुडवले. पहिल्या खंडासाठी आम्ही ओळींची आखणी, शीर्षकांची उतरंड आणि तळटीपांची व्यवस्था नव्याने बसवली. तो छापून येताच आमच्या मूळ फाइली परस्पर दुसऱ्या स्टुडिओकडे गेल्या, उरलेले खंड त्यांच्या नावावर निघाले आणि आमचे बिल अडकून पडले. त्या स्टुडिओला आमची आखणी मिळाली, नजर मिळाली नाही. कागदाच्या तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी, एवढेही त्यांनी छापखान्याला बजावले नाही, त्यामुळे ते खंड आजही नीट उघडे राहत नाहीत. भागीदार त्याच सुमारास वेगळे झाले. त्यांना दोष देता येत नाही.

त्या काळात आम्हांला तगवले ते एका छोट्या प्रकाशनाच्या चालक बाईंनी. वर्षाला मोजकीच पुस्तके काढणाऱ्या या बाई काम सोपवतानाच निम्मे मानधन हाती ठेवत आणि शेवटचे प्रूफ स्वतः वाचत. पृष्ठसंख्या 16 पानांच्या फर्म्यात (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचात) बसत नसेल, तर मजकूर दाबून बसवण्याऐवजी चार पाने कोरी सोडण्याची तयारी असलेला दुसरा प्रकाशक आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी विचारले नसले तरी सांगतो : मूळ फाइल कोणाची राहील आणि मांडणीकाराचे नाव श्रेयपानावर कोठे येईल, हे पहिले पान जुळवण्याआधी लेखी घ्यावे. त्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडावर आमचे नाव आहे; नव्या आवृत्तीत तेही गाळले गेले.