पावसाआधी येऊरचा कुडा

कुड्याच्या झाडाचा बहर बघायचा तर पाऊस लागायच्या आत ठाण्याजवळचं येऊरचं जंगल गाठायचं. मेअखेरीस आम्ही गेलो, तर उपवन तलावाकडून वर चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरा कुडा फुलला होता. फुलांसाठी आत जंगलात शिरावंच लागलं नाही. वनखात्याचा नाका ओलांडून थोडं वर गेलो तोच वळणावर मंद गोडसर वास आला. इतक्या उन्हात हे झुडूप एवढं टवटवीत कसं राहतं, कोण जाणे!

पांढऱ्या फुलांचं प्रत्येक झाड पांढरा कुडा नसतं. काळा कुडाही पांढराच फुलतो आणि येऊरला दोघंही भेटतात. खाली पडलेलं फूल उचलून मधोमध बघा. बारीक नळी, वर पाच पाकळ्या आणि मध्ये झालर नसेल तर पांढरा. झिरमिळ्यांची झालर दिसली तर काळा. गेल्या हंगामातल्या वाळक्या शेंगा लटकत असतील तर काम आणखी सोपं. दोघांच्याही शेंगा लांब आणि जोडीने येतात, पण काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. पांढऱ्याचं बी म्हणजे औषधी इंद्रजव आणि कुटजारिष्ट या आयुर्वेदिक औषधातली साल त्याचीच. म्हणून कुणी तिथेच साल सोलायला लागेल तर त्याला आवरा; हे राष्ट्रीय उद्यान आहे, पानही तोडायचं नाही. फुलांची भाजी खायची हौस बाजारात भागवा.

आमच्यातले एक काका सारखे विचारत होते, "अहो, करवंदं कुठायत?" जाळ्या रस्त्यालगतच होत्या. करवंद आणि कुडा एकाच कुळातले, कण्हेरीच्या. ओठांना चिकटणारा तो चीक कुड्यालाही असतो. काकांनी शेवटी पाड्यावरच्या मावशींकडून द्रोणभर विकत घेतली.

सकाळी सातच्या आत पोचा, नऊनंतर घामाने जीव जातो. ठाणे स्टेशनहून येऊरची टीएमटी (ठाणे पालिकेची बस) आहे, पण फेऱ्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारा. वर रिक्षाच्या भरवशावर राहू नका. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते, मधला वार बरा. हवाई दलाच्या तळाजवळ कॅमेरा आत ठेवा. पायवाटेने आत जायचं असेल तर आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा. आणि बिबट्याचं रान आहे, अंधार पडायच्या आत खाली उतरा.