अर्धा राउंड गोलमुरी, अर्धा बेल्डीह

जमशेदपूरला गोल्फचा एकच राउंड, म्हणजे १८ होल, दोन कोर्सवर खेळतात. ९ होल गोलमुरीला, उरलेले ९ बेल्डीहला, मधे गाडी. त्या वर्षी भारतातल्या व्यावसायिक टूरचा हंगाम तिथेच संपला. मी पुण्याचा कॅडी, खेळाडूची बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा. येरवड्याच्या कोर्सवर बॅग उचलता उचलता दादांबरोबर, म्हणजे माझ्या खेळाडूबरोबर, टूरवर आलो.

त्या शेवटच्या दिवशी ट्रॉफीचा प्रश्नच नव्हता. वर्षभराच्या कमाईच्या यादीत दादा अगदी रेषेवर लटकत होते. वर राहिले तर पुढच्या हंगामाचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, घसरले तर पुन्हा क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा, पोराटोरांच्या रांगेत. लोकांना वाटतं गोल्फर म्हणजे पैसाच पैसा. १ कोटीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला १५ लाख मिळतात, खरंय. पण यादीत खाली उतरा, आकडे भराभर आटतात, आणि कट चुकला, म्हणजे स्पर्धेच्या मधल्या छाटणीत बाहेर पडलात, तर हातात शून्य. एंट्री फी, प्रवास, हॉटेल, माझे आठवड्याचे पैसे, हे सगळं खिशातून.

गोलमुरीला सुरुवात बरी झाली. मग शेवटाकडच्या एका पार-फोरला, म्हणजे चार शॉटमध्ये संपवायच्या होलला, ड्राइव्ह, पहिलाच लांब शॉट, झाडीत गेला, एक शॉट नुसता बाहेर काढण्यात, वर ग्रीनवर बॉल कपात ढकलायलाच तीन शॉट, म्हणजे तीन पट. डबल बोगी, पारपेक्षा दोन शॉट जास्त.

एरवी अशा होलनंतर माणूस पुढच्या टीपर्यंत, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिथपर्यंत, चालतो, दोन शिव्या हासडतो, निवतो. इथे गाडीत कोंडून बसायचं. बाहेर ऑटोंची गर्दी, हॉर्न, आणि दादांच्या हातात फोन. लाइव्ह स्कोर. बोट खाली खाली सरकतंय.

"दादा, फोन द्या इकडे."

"थांब रे, तो पारच्या किती अंडर आहे बघू दे."

"तो येऊन आपला शॉट मारणार आहे का?"

दिला. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "सर, जीत रहे हैं?"

"नौकरी बचा रहे हैं," दादा म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. माझं अर्धं काम त्या ड्रायव्हरने केलं.

उतरलो तर अंग थंड पडलेलं. राउंड चालू असताना सरावाच्या रेंजवर बॉल मारायची सोय नाही, दोन शॉटचा दंड बसतो. टीशेजारी नुसतेच स्विंग केले.

बेल्डीहला पार, पार, मधे एक बर्डी, पारपेक्षा एक शॉट कमी. शेवटच्या होलवर पारसाठी पाच फुटी पट उरला. दादांना बॉल उजवीकडे वळेल असं वाटत होतं, मला लाइन सरळ दिसत होती. "कपाच्या आतच ठेवा, पण दाबून मारा," म्हटलं आणि बाजूला झालो. २०१९ पासून खेळाडू स्टान्स घ्यायला, म्हणजे शॉटसाठी पाय रोवायला लागला की कॅडीने लाइनवर मागे थांबायचं नाही, असा नियम आहे. बॉल उजव्या कडेला लागून आत पडला. म्हणजे थोडं वळण होतंच.

स्कोरकार्डावर सही झाली. मागचे गट संपेपर्यंत चहावर चहा. यादी लागली तेव्हा दादा रेषेच्या वर होते, जेमतेम.

"पुढच्या सीझनला येतोयस ना?" त्यांनी लगेच विचारलं.

"आधी या सीझनचा हिशेब करू."

बसलो हिशेबाला. मार्चच्या स्पर्धेतला माझा वाटा राहिलाच होता. दादा विसरले होते, मी नव्हतो.